झाडाची जखम: एका लेपाचा इतिहास

इंग्लंडच्या परसबागांत फळझाडांची छाटणी हिवाळ्यात होते, याचे कारण उघड आहे. पाने गळाल्याने सफरचंदाच्या झाडाचा सांगाडा दिसू लागतो. कोणती फांदी वाळली, कोणती दुसरीवर घासते, हे ठरवता येते. झाड सुप्तावस्थेत असते आणि वसंतातील वाढ कापाच्या कडा लवकर झाकू लागते. पण तोवर उघड्या पडलेल्या लाकडाचे काय करावे? या प्रश्नाला दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास आम्हांला मुख्यतः एका शब्दाचा इतिहास वाटतो. तो शब्द म्हणजे 'जखम'.

विल्यम फोर्सिथ (१७३७–१८०४) हा १७८४ पासून केन्सिंग्टन आणि सेंट जेम्स येथील राजोद्यानांचा प्रमुख होता. झाडांच्या जखमा बऱ्या करणारा लेप आपल्याला सापडल्याचा त्याचा दावा होता. गाईचे ताजे शेण, जुन्या इमारतींतला चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू, असा तो लेप. सारवलेल्या अंगणाची सवय असलेल्या आपल्याला शेणाचे नवल वाटणार नाही. नवल आहे ते ब्रिटिश संसदेने त्यात घातलेल्या लक्षाचे. नौदलाची जहाजे ओकच्या लाकडाची असत. पोकळ ओक ही राष्ट्राची हानी होती. कृती जाहीर करण्याच्या बदल्यात फोर्सिथला १,५०० पौंड मिळाले आणि १७९१ मध्ये ती छापून आली. १८०२ मध्ये थॉमस अँड्र्यू नाइट या फलोद्यानशास्त्रज्ञाने लेपाच्या गुणाविषयी जाहीर शंका घेतली.

लेपाची कीर्ती ओसरली, त्यामागील कल्पना मात्र टिकली. विसाव्या शतकातही कापांवर डांबर वा रंग फासला जाई. फांदी खोडाला अगदी सपाट कापावी, असाही दंडक होता. शल्यविशारदाचा कापही असाच नेटका असतो ना!

अमेरिकी वनविभागातील ॲलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे यांत्रिक करवतीने उभी चिरून आतले लाकूड पाहिले. प्राण्याच्या शरीराप्रमाणे झाड इजा झालेल्या पेशींची डागडुजी करीत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. झाड त्या भागाभोवती जणू भिंती उभारते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. जुनी इजा आत कायम राहते. हा सिद्धान्त त्यांनी १९७७ मध्ये मांडला. फांदीच्या बुडाशी असलेले फुगीर वलय हे या बचावाचे ठाणे; सपाट काप नेमका तेच छाटून टाकतो. डांबराने कूज थांबत नाही. म्हणून वलयाच्या किंचित बाहेर कापावे आणि, काही विशिष्ट रोगांच्या साथीचे अपवाद वगळता, काप उघडा ठेवावा, असे आता सांगितले जाते.

साहित्याच्या अभ्यासकाला यात एक परिचित गोष्ट दिसेल. झाडाला आपले शरीर बहाल करणारे रूपक कवितेत शोभते. बागेत त्याचे उपचार झाले आणि करुणेनेच झाडाचे नुकसान झाले. आपल्या भाषेतही झाडाची जखम 'भरून येते'. प्रत्यक्षात ती झाकली जाते.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टिन वाल याने १८०४ मध्ये, म्हणजे फोर्सिथच्या मृत्यूच्याच वर्षी, एका झुडपाच्या प्रजातीला 'फोर्सिथिया' हे नाव दिले. वसंताच्या आरंभी, पाने फुटण्यापूर्वीच, त्याच्या गतवर्षीच्या डहाळ्या पिवळ्या फुलांनी भरून जातात. इतर झाडांबरोबर हिवाळ्यात तेही छाटले, तर त्या वर्षीची फुले कात्रीबरोबरच जातात. त्याची छाटणी बहर ओसरल्यावर करायची असते.