हजारी एकसष्ट : मुंबईतील १९१८ ची साथ आणि न विचारलेला प्रश्न

इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहरातील कोणत्या समाजाची किती माणसे दगावली, याचे एक कोष्टक उपलब्ध आहे. दर हजारी मृत्यूचे त्यातील आकडे असे : युरोपियन ८.३, पारशी ९, अँग्लो-इंडियन ११.९, ज्यू १४.८, देशी ख्रिस्ती १८.४, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. या सात गटांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आकड्यात दुपटीहून थोडे अधिक अंतर आहे. आठवा रकाना ‘हीन जातीच्या हिंदूं’चा आहे आणि त्यातील आकडा आहे ६१.६.

एकाच शहरात, एकाच ऋतूत, एकाच रोगाने सवर्ण हिंदूंच्या सव्वातीन पट आणि युरोपियनांच्या सातपटीहून अधिक प्रमाणात जी माणसे मेली, ती आपल्याच आज्या-पणज्यांच्या पिढीची होती. महार, चांभार, मांग, भंगी असा भेदही त्या रकान्यात केलेला नाही. सर्वांची एकच मोळी बांधून सरकारी दप्तराने त्यांना ठेवून दिले.

साथीचा क्रम थोडक्यात असा. १० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. जून-जुलैची ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट उसळली आणि ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तोवर आगगाडीच्या रुळांवरून रोग इलाखाभर पसरला होता. संपूर्ण हिंदुस्थानात या साथीने किती बळी घेतले, याविषयी अभ्यासकांचे अंदाज सुमारे सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात.

या रोगावर औषध नव्हते. त्याचे मूळ विषाणूत आहे हे देखील सिद्ध झाले ते १९३३ साली. १९१८ मध्ये जगभरचे वैद्यक एका वेगळ्याच जंतूला दोषी धरून बसले होते. तापामागून न्यूमोनिया येई आणि बहुतेक मृत्यू त्यानेच होत. अशा स्थितीत रोगी जगणे वा मरणे बऱ्याच अंशी साध्या गोष्टींवर अवलंबून होते. अंथरुणावर पडून राहण्याची सवड, कोरडी व हवेशीर जागा, ऊब, वेळच्या वेळी पाणी, पेज किंवा दूध आणि हे सर्व देणारे उशाशी बसलेले एक माणूस. युरोपियनांच्या बंगल्यात जे होते ते कोणते दिव्य औषध नव्हे, तर हेच होते. औषधच नव्हते म्हणून या साथीत श्रीमंत-गरीब सारखेच झाले, असे अजूनही लिहिले जाते. वरील कोष्टक नेमके उलट सांगते. औषध नसते तेव्हा केवळ परिस्थितीच काम करते, आणि परिस्थिती तर जातीने वाटून दिलेली होती.

ती कशी वाटली गेली होती, हे मुंबईच्या गिरण्यांतही दिसते. सूत तोंडाने ओढून धोट्यात ओवावे लागते व त्यामुळे विटाळ होतो, या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. उरली ती कमी पगाराची खाती, गोदीतील हमाली, रेल्वेचे रूळकाम आणि नगरपालिकेची झाडू-मैल्याची कामे. खाडा म्हणजे मजुरीस मुकणे. त्यातच महायुद्धामुळे महागाई झाली होती आणि त्या वर्षीचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस फसला होता, म्हणजे ताप येण्याआधीच पोट खपाटीला गेलेले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील सगळेच एका वेळी आजारी पडले की पाणी देण्यासही कोणी उरत नसे. हिंदुस्थानात या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. अंगात ताप असताना चूल आणि शुश्रूषा दोन्ही ज्यांना सुटली नाही, त्यांचा हा हिशेब असावा असे मला वाटते. मदतकार्य झाले नाही असे नाही, परंतु त्यातील पुष्कळसे जातवार व धर्मवार संस्थांमार्फत झाले. ज्या समाजाकडे धनिक होते, त्याच्यापाशी मदत आधी पोहोचली. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणणाऱ्या आणि त्याच साथीत १० मार्च रोजी प्राणास मुकलेल्या सावित्रीमाई विरळाच.

प्लेगचा उल्लेख आला म्हणून संशोधनाचीही तुलना करून पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. त्यानंतर हाफकिनांनी जानेवारी १८९७ मध्ये लस स्वतःला टोचून घेतली, त्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला, १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली. पुढे खास आयोगाने घराघरांतले उंदीर आणि त्यांच्या पिसवा तपासून रोगप्रसाराचा माग काढला. हे कार्य थोर होते यात संशय नाही. पण ते इतक्या तातडीने का झाले? प्लेगच्या भयाने परदेशी बंदरे हिंदुस्थानच्या जहाजांना अडवू लागली होती, व्यापार धोक्यात आला होता. इन्फ्लुएन्झा १९१८ मध्ये जगाच्या बहुतेक बंदरांत होताच, तेव्हा मुंबईची जहाजे कोण अडवणार? ज्या खोल्यांतून हजारी एकसष्ट प्रेते निघाली, त्या खोल्यांची प्लेगसारखी खोलीवार तपासणी झाली नाही. कोष्टक मात्र तयार झाले आणि दप्तरात पडून राहिले. या साथीच्या हिंदुस्थानातील अनुभवावर आय. डी. मिल्स यांचा निबंध इतिहासाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला तो १९८६ साली, म्हणजे अडुसष्ट वर्षांनी.

या आकड्यावर एक आक्षेप संभवतो व तो टाळू नये. साथीपूर्वीची शेवटची शिरगणती १९११ ची. युद्धकाळात मुंबईत माणसांचा लोंढा आला होता, म्हणून जुन्या लोकसंख्येने भागले तर दर फुगतो. खरे आहे, पण लोंढा सर्वच जातींचा होता. सवर्ण हिंदूंचा दर १८.९ वर थांबतो आणि आपलाच तिपटीहून अधिक होतो, याचे स्पष्टीकरण केवळ भागाकारात सापडत नाही.

साथ ओसरत असतानाच, नोव्हेंबर १९१८ मध्ये, बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. ते राहत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत, कामगारवस्तीच्या मधोमध. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांच्या लोकसंख्येचे आकडे मांडून स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. ज्याची गणना वेगळी होत नाही त्याचे दुःखही वेगळे दिसत नाही, हे त्या मागणीमागील सूत्र होते.

शंभर वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच शहरात कोरोना आला. जुलै महिन्यात महापालिका, नीती आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत रक्ततपासणी केली, तेव्हा झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले, तर इतरत्र १६ टक्के लोकांना. वस्तीचा भेद मोजला गेला, जातीचा नाही. रोजच्या मृत्युपत्रकात वय होते, लिंग होते, मधुमेह-रक्तदाब होता. २०२१ अखेरपर्यंत देशात सुमारे ४ लाख ८१ हजार मृत्यू झाल्याचे सरकार सांगत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अंदाज दिला तो सुमारे ४७ लाखांचा. शासनाने तो अमान्य केला.

जातीचे चित्र अखेर बाहेर आले ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधारे. जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, चौदा राज्यांतील ज्या कुटुंबांचा त्यात विचार झाला त्यांत २०१९ ते २०२० या काळात उच्चवर्णीय हिंदूंचे आयुर्मान १.३ वर्षांनी घटले, अनुसूचित जातींचे २.७, आदिवासींचे ४.१ आणि मुसलमानांचे ५.४ वर्षांनी. स्त्रियांचे पुरुषांपेक्षा अधिक घटले, १९१८ प्रमाणेच. हाही अभ्यास शासनाने फेटाळला.

एप्रिल २०२५ मध्ये आगामी जनगणनेत जातींची नोंद होईल, अशी घोषणा झाली. तेवढ्याने भागाकारातील छेद मिळेल. अंश कोठून आणायचा? मृत्यूच्या नोंदणीसाठी जो नमुना भरून द्यावा लागतो, त्यात मृताचा धर्म विचारतात, व्यवसाय विचारतात, मृत्यूसमयी वैद्यकीय मदत मिळाली का हेही विचारतात. जातीचा रकाना त्यात नाही. १९१८ च्या कारकुनाने ‘हीन जाती’ असे तुच्छतेने का होईना लिहून ठेवले होते, म्हणून ६१.६ हा आकडा आपल्या हाती आहे. २०२० च्या मुंबईसाठी नगरपालिकेच्या मृत्युनोंदीवरून तसा आकडा काढता येत नाही.