प्लेगची चाळ

मुंबईत ‘बीआयटी चाळ’ कुठे, हे टॅक्सीवालाही सांगेल. बीआयटी म्हणजे काय, हे मात्र तिथे जन्मलेल्यालाही कधी कधी ठाऊक नसतं. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. तो निघाला प्लेगमुळे.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांना पहिले रोगी आढळले आणि मुंबई गाठोडी बांधून गावाकडे निघाली. 1891 मध्ये शहरात 8 लाख 22 हजार माणसं होती. 1901 च्या खानेसुमारीत 7 लाख 76 हजार भरली. उंदराच्या पिसवेवर तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता. अंधार, ओल आणि कोंदट हवा हेच गुन्हेगार ठरले. म्हणून 1898 मध्ये ट्रस्ट आला आणि त्याने आधी घरं पाडली. बांधली ती सावकाश आणि कमी. हुसकलेली बिऱ्हाडं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने शिरली. याला सुधारणा म्हणायचं तर म्हणा!

उजेडाचा हिशेब मात्र चोख. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता: इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतूनही आभाळाचा तुकडा दिसेल. आत एक खोली; नळ आणि संडास सगळ्यांचे मिळून. अशाच परळच्या बीआयटी चाळ क्रमांक 1 मध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत, 1912 ते 1934 डॉ. आंबेडकरांचं बिऱ्हाड होतं. तिथून ते दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृहा’त गेले. ती वसाहतही ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेतली.

ट्रस्टने हवा मोजली, शेजार मोजला नाही. तो आपोआप आला. दारं समोरासमोर, पाण्याची वेळ एकच. कुणाचं दार दोन दिवस उघडलं नाही की मजल्याला कळणारच.

मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी कायदा बाहेर काढला तोही प्लेगचाच, 1897 चा. चाळीत तेव्हा दाटीचा धोका आणि शेजाराचा आधार, दोन्ही एकदमच खरे ठरले. सामायिक संडासाच्या रांगेत अंतर ठेवणार कसं? पण विलगीकरणातल्या घराच्या उंबऱ्याशी वरणभाताचा डबा ठेवायला, एकट्या म्हातारीची रक्तदाबाची गोळी आणायला समिती नेमावी लागत नव्हती. ती माणसं नळावर रोज भांडतच होती. भांडण्याइतकी ओळख होती.

आता पुनर्विकास येतोय. यायलाच हवा, संडास घरात असणं ही चैन नव्हे. फक्त बिल्डर नकाशा पसरेल तेव्हा चटईक्षेत्र विचारून झाल्यावर आणखी एक विचारा: माझं दार उघडलं की समोर कुणाचं दार दिसणार?