परसातले झाड आणि सरकारचा परवाना

१) ब्रिटिशकाळी नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. तेथील परवानाधारक दुकानातून गांजा घेणे कायदेशीर होते; परसात परवान्याविना झाड लावणे मात्र गुन्हा ठरे. लागवडीची मुभा निमाड जिल्ह्यात, खंडव्याच्या परिसरात होती.

२) घरोघरी पीक निघाले, तर अबकारी महसूल बुडाला असता.

३) १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. मध्य प्रांतातील अधिकारी ए. एच. एल. फ्रेझर त्याचे सदस्य होते. संपूर्ण बंदी अनावश्यक, नियंत्रण इष्ट, असा निष्कर्ष निघाला.

४) १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये विनापरवाना लागवडीस १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. शेंड्याविना असलेली पाने मात्र त्यातील गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत. झाड निषिद्ध, पान मोकळे : हा पेच आजही कायम आहे.