फिरत्या पट्ट्याची कुळकथा

२०१० च्या ऑगस्टमध्ये मेक्सिको सिटीत एका म्हाताऱ्या किताबाचं पुन्हा बारसं झालं. किताबधारक तोच, वजनगट तोच, बांधणारी कंपनी तीच. पट्टा तेवढा नवा. 'जागतिक वेल्टरवेट' या जुन्या नावात एक शब्द वाढला होता: 'हिस्तोरिको', म्हणजे ऐतिहासिक. चालत्याबोलत्या किताबाला ऐतिहासिक म्हणण्याची पाळी का आली, हे समजायला मागे जावं लागतं.

मेक्सिकोतल्या व्यावसायिक कुस्तीला 'लुचा लिब्रे' म्हणतात, मुक्त कुस्ती. तिला कंपनीचं रूप दिलं साल्वादोर लुत्तेरोथ यांनी. सरहद्दीवरच्या सिउदाद ह्वारेस गावी ते सरकारी नोकरीत होते. नदीपलीकडे अमेरिकेच्या एल पासो शहरात १९२९ च्या सुमारास त्यांनी कुस्त्या पाहिल्या आणि त्या त्यांच्या डोक्यात बसल्या. २१ सप्टेंबर १९३३ रोजी मेक्सिको सिटीत त्यांच्या 'एम्प्रेसा मेहिकाना दे लुचा लिब्रे'चा पहिला कार्यक्रम झाला. आज वेगळ्या नावाने चालणारी ही कंपनी जगातली सर्वांत जुनी चालू कुस्ती कंपनी मानली जाते.

या कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असतात. मग किताबाला किंमत कसली? किंमत अशी, की पट्टा कुणाला द्यायचा हा कंपनीचा जुगार असतो. ज्याच्या कमरेला तो बांधला त्याच्या नावावर पुढचे कित्येक महिने तिकिटं खपायची असतात. शिवाय किताबाची लढत इतर लढतींसारखी नसते. एरवी मुखवटे ओरबाडणारे, पंचांची नजर चुकवून गुद्दे घालणारे 'रुडो' पैलवानही त्या दिवशी सभ्यपणे डाव टाकतात. तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी. वेल्टरवेटला वजनाची मर्यादा साधारण ७० ते ७८ किलो. अर्थात काटा नेहमीच काटेकोर असतो असं नाही.

मेक्सिकोत जड अंगाच्या पैलवानांपेक्षा मधल्या वजनाचे, चपळ पैलवान लोकांना जास्त आवडले. म्हणून अमेरिकेत दुय्यम समजले जाणारे वजनगट इथे मानाचे झाले. १५ मार्च १९४६ रोजी जागतिक वेल्टरवेट किताबाची लढत झाली, तेव्हा तो कुणाला मिळतो यावर बरंच अवलंबून होतं. समोर होता पीट पँकॉफ. जिंकला तो रुपेरी मुखवट्यातला एल सांतो, म्हणजे 'संत'.

त्याचं खरं नाव रोदोल्फो गुस्मान हुएर्ता. १९४२ साली त्याने हा मुखवटा चढवला, तोही सज्जन म्हणून नव्हे, नाव संताचं आणि वागणं रुडोचं म्हणून. पुढे तो चित्रकथांचा नायक झाला, पन्नासाहून अधिक सिनेमांत भुताखेतांशी आणि वेड्या शास्त्रज्ञांशी लढला. पण हे सगळं पुढचं. आधी तो किताबधारक पैलवान होता, आणि सुरुवातीलाच असा धारक लाभल्यामुळे या पट्ट्याचं वजन वाढलं.

पट्ट्याच्या कुळकथेतला सर्वांत रंगलेला अध्याय मात्र एका मुखवट्यापासून सुरू होतो. ७ नोव्हेंबर १९५२ रोजी अरेना कोलिसेओमध्ये सांतो आणि ब्लॅक शॅडो यांची पैजेची लढत झाली. हरणाऱ्याने मुखवटा उतरवायचा. लुचा लिब्रेत यापेक्षा मोठी पैज नाही: पट्टा हरला तर उद्या परत मिळतो, मुखवटा गेला तो कायमचा. ब्लॅक शॅडो हरला आणि साऱ्या प्रेक्षकांनी त्याचा चेहरा पाहिला. त्याचा जोडीदार होता निळ्या मुखवट्याचा ब्लू डेमन. तोवर रुडो असलेला हा गडी मित्राचा सूड घ्यायला बाजू बदलून 'टेक्निको', म्हणजे सरळमार्गी पैलवान झाला. २५ सप्टेंबर १९५३ रोजी त्याने सांतोला हरवलं आणि वेल्टरवेटचा पट्टा घेतला. तो १९५८ पर्यंत त्याच्याकडे राहिला. मग कार्लोफ लागार्देने तो घेतला आणि १९६५ साली हुराकान रामिरेसने. या रामिरेसची तऱ्हा उलटी: हे पात्र आधी सिनेमात जन्मलं आणि मग रिंगणात उतरलं.

याच काळात किताबाच्या नावामागे तीन अक्षरं लागली. 'नॅशनल रेसलिंग अलायन्स', म्हणजे एनडब्ल्यूए, ही अमेरिकेतल्या कुस्ती आयोजकांची संघटना. १९४८ साली आयोवा राज्यात स्थापन झालेली. लुत्तेरोथ यांची कंपनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची सभासद झाली. हेवीवेटचा मोठा किताब अमेरिकेने स्वतःकडे ठेवला, हलक्या गटांतले जागतिक किताब मेक्सिकोच्या हाती राहिले. एनडब्ल्यूएपेक्षा वयाने मोठा असलेला हा पट्टा तेव्हापासून एनडब्ल्यूएचा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९८० च्या दशकात कंपनी संघटनेतून बाहेर पडली, पण अक्षरं काही पुसली नाहीत. १९९२ साली तिने स्वतःच्या नावाचा वेगळा जागतिक वेल्टरवेट किताब सुरू केला, तरीही जुना मोडीत निघाला नाही.

उलट तो समुद्र ओलांडून गेला. ऑगस्ट १९९६ मध्ये टोकियोच्या र्‍योगोकू कोकुगिकानमध्ये आठ किताब एकत्र करण्याची स्पर्धा झाली. एकेका पट्ट्याचा धारक एकेक स्पर्धक. वेल्टरवेटचा पट्टा घेऊन गेला मेक्सिकोचा नेग्रो कासास. तो तिथे हरला. द ग्रेट सासुके आठही पट्ट्यांचा धनी झाला आणि या मोळीला 'जे-क्राउन' नाव पडलं. दोन महिन्यांनी ती उल्तिमो ड्रॅगनने जिंकली. हा जपानी, पण मेक्सिकोत घडलेला पैलवान. त्याचं मुखवट्याचं नावही तिथलंच. त्या वर्षअखेरीस अमेरिकेतला एक किताब जिंकल्यावर, मोळीबाहेरचा आधीचा आणखी एक धरून, त्याच्याकडे एकूण दहा पट्टे झाले, आणि ते अंगाखांद्यावर लटकवून उभ्या असलेल्या ड्रॅगनचं छायाचित्र कुस्तीशौकिनांच्या ओळखीचं आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये मोळी सुटली. आपला पट्टा मेक्सिकोच्या वाटेला लागला.

आणि आता पुन्हा २०१०. ऑक्टोबर २००८ मध्ये ब्लू डेमन ज्युनियरने मेक्सिको सिटीत एनडब्ल्यूएचा जागतिक हेवीवेट किताब जिंकला. हा किताब मिळवणारा तो पहिला मुखवटेधारी. पुढे तो एनडब्ल्यूएच्या मेक्सिको शाखेचा प्रमुख झाला आणि त्याने कंपनीला बजावलं: तुम्ही आमचे सभासद नाही, आमच्या नावाचे किताब चालवू नका. म्हणजे १९५३ साली ज्या ब्लू डेमनने हा पट्टा सांतोकडून घेतला, त्याच्याच दत्तक मुलाने तो आता त्या घरातून मागितला. कंपनीने नवे पट्टे घडवले, नावात 'हिस्तोरिको' घातलं आणि तेव्हाचा धारक मेफिस्तो यालाच पहिला ऐतिहासिक वेल्टरवेट विजेता ठरवलं. गंमत म्हणजे लोकांच्या तोंडी त्या नावाशेजारी एनडब्ल्यूए ही अक्षरं अजूनही येतात.

माझ्या मते कंपनीने काढलेली वाट योग्य होती. नाव संघटनेचं असेल. पण सांतो, ब्लू डेमन, लागार्दे, रामिरेस ही पिढ्यांची माळ एल पासोच्या अलीकडेच ओवली गेली होती. तिच्यावर कागदाने हक्क सांगता येत नाही. मुखवट्याचं तसं नसतं, तो माणसाचा असतो. ५ फेब्रुवारी १९८४ रोजी एल सांतो वारला, तेव्हा त्याला रुपेरी मुखवट्यासह पुरण्यात आलं. पट्टा तोवर कितीतरी कमरा फिरून आला होता, आणि आजही त्याच्यासाठी अरेना मेहिकोत लढती होतात.