खुडूक, अडलेली आणि मानमोडी

जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेखात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांची मोजदाद आहे. कोंबडीला तिथे जागा नाही. पुढे इंग्रजी अमलात, १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, पण सरकारी पशुवैद्यकाचा भर बराच काळ घोडा आणि गुराढोरांवरच राहिला. कोंबडीचे दुखणे घरातल्या बाईनेच ओळखायचे. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील महादेव कोळी, ठाकर वाड्यांत अंड्यांचे दोन पैसे तिच्याच हाती येतात. म्हणून ‘अंडी बंद झाली’ ही तक्रार साधी नसते.

या एका तक्रारीमागची तीन कारणे मराठीने तीन शब्दांत वेगळी केली आहेत.

पहिला शब्द खुडूक. पिसे फुलवून कोंबडी खुराड्यात बसून राहते, जवळ गेले की टोचते. हा आजार नव्हे. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढले की तिला अंडी उबवायची ओढ लागते. पिल्ले एकवीस दिवसांनी निघतात. उबवणी नको असेल तर दाणापाणी देऊन तिला चार दिवस हवेशीर डालग्याखाली ठेवावे. गार पाण्यात बुचकळण्याचा जुना उपाय टाळलेला बरा. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या लेगहॉर्न जातीतून निवड करकरून ही ‘खोड’ जवळपास काढून टाकण्यात आली. पोल्ट्रीच्या शेडमधल्या अशा कोंबडीची पिल्ले म्हणूनच यंत्रात उबवावी लागतात. गावठी कोंबडीचा वंश मात्र याच खोडीने टिकला.

दुसरा शब्द अडली. बाळंतिणीसाठी वापरतो तोच. कोंबडी पुन्हा पुन्हा जागेवर जाते, कळा देते, शेपूट खाली टाकून उभी राहते, पण अंडे येत नाही. एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. ते कमी पडले की कवच पातळ होते आणि अंडे बाहेर ढकलणारे स्नायूही दुबळे पडतात. पहिलटकरणीला हा त्रास होऊ शकतो. तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात धरावा, अंडे येण्याच्या जागी थोडे खाद्यतेल लावावे आणि तिला उबदार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. पोट दाबू नये. अंडे आत फुटले तर जंतुसंसर्गाने ती दगावते. काही तासांत अंडे आले नाही तर पशुवैद्यकाला दाखवावे. बरी झाल्यावर कुटलेले शिंपले खायला ठेवावेत.

तिसरा शब्द मानमोडी. जुन्नरला याच नावाचा लेण्यांचा डोंगर आहे, पण तो या रोगाहून फार जुना. १९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही महाराष्ट्राने मानमोडीच म्हटले. कोंबड्यांचा हा रोग भारतात १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेतला ओळखला गेला, म्हणून त्याचे दुसरे नाव राणीखेत. अंडी एकदम घटतात, कवच मऊ होते, हिरवट हगवण लागते, मान पिळवटते आणि बघता बघता खुराडे रिकामे होते. १९४० च्या दशकात कुमाऊँतल्याच मुक्तेश्वरच्या संस्थेत यावरची लस तयार झाली. लागण झाल्यावर इलाज नाही. लस आधीच द्यावी लागते.

अडचण अशी, की लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांच्या घराला हे परवडत नाही. साऱ्या वाडीने एकच संध्याकाळ ठरवली, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर लस टोचून घेतली, तर परवडते. खुडूक आणि अडलेली कोंबडी एका घराला सांभाळता येते. मानमोडीपुढे वाडीनेच एकत्र यावे लागते.