कमाईचा आकडा, पण कोणत्या सूत्राचा?

पोस्टची कमाई हा आकडा तुमच्या डेटामध्ये असेल, तर आधी तारीख बघा. मी हे उशिरा शिकलो. स्टीमवरच्या पोस्टांची 2016 ते 2019 ची कमाई मी एकाच आलेखावर मांडली. जून 2017 नंतर छोट्या लेखकांचा वाटा वाढलेला दिसला. मला वाटलं, वाचक बदलले. बदललं होतं सूत्र.

स्टीम ही नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी 2016 मध्ये सुरू केलेली ब्लॉकचेन. नवी नाणी एका सामाईक फंडात जातात आणि मतांनुसार पोस्टांमध्ये वाटली जातात. ज्याची ठेव मोठी, त्याचं मत जड. सुरुवातीला वाटणी मतांच्या वजनाच्या वर्गानुसार व्हायची. समजा फंडात 1,010 नाणी आहेत, एका पोस्टवर 10 वजनाची मतं आणि दुसरीवर 1. वर्ग केला की 100 विरुद्ध 1, म्हणजे 1,000 आणि 10 नाणी. सरळ प्रमाणात वाटली असती तर साधारण 918 आणि 92.

वर्ग कशासाठी? स्वतःलाच मत देणाऱ्याला एकट्याने फार काही मिळू नये, अनेकांची मतं एकाच पोस्टवर जमली तरच मोठी रक्कम मिळावी, म्हणून. त्यांच्या श्वेतपत्रिकेत खेकड्यांच्या बादलीची गोष्टसुद्धा आहे. हो, आपण मराठी माणसावर खपवतो तीच! तिथे मात्र ती कौतुकाने सांगितलीय: कुणी फंड ओरबाडायला वर चढला की बाकीचे त्याला खाली ओढतील. पण मोठा ठेवीदार एकटाच दहा जणांइतका जड असेल, तर वर्गाचा फायदाही त्यालाच.

म्हणून 20 जून 2017 च्या हार्ड फोर्क 19 मध्ये सूत्र सरळ रेषेचं झालं. छोट्या मताला किंमत आली, पण आता मत कुठेही दिलं तरी परतावा तोच. मग दुसऱ्याला का द्यायचं? लोक स्वतःलाच मतं देऊ लागले, आणि नाणी घेऊन मत विकणाऱ्या बॉट्सचा धंदा जोरात चालला.

ऑगस्ट 2019 च्या हार्ड फोर्क 21 ने मधला मार्ग काढला. अगदी कमी मतं असलेल्या पोस्टचं वजन जवळपास निम्मं धरायचं, मतं वाढतील तसं ते पूर्ण होत जाणार. 2020 मध्ये स्टीममधून फुटलेलं हाइव्ह जून 2021 मध्ये पुन्हा सरळ रेषेवर आलं.

आता खरी अडचण. या तारखांना फक्त सूत्र बदललं नाही. 2017 मध्ये एकेका मताची ताकदही चौपट झाली. 2019 मध्ये मत देणाऱ्यांचा हिस्सा 25 वरून 50 टक्क्यांवर गेला, शिवाय विरोधी मतांसाठी वेगळा कोटा आला. त्यामुळे ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना करून सगळं श्रेय सूत्राला देता येत नाही. मी सध्या नोंदलेली कच्ची मतं घेऊन तिन्ही सूत्रांनी कमाई पुन्हा मोजतोय. लोकांचं वागणं तेच धरल्यावर जेवढा फरक उरेल, तेवढाच सूत्राचा.