पारंपरिक चीजमधील प्रतिजैविकरोधी जीवाणू

कच्च्या दुधापासून जुन्या पद्धतीने बनविलेल्या चीजमध्ये एक वा अधिक प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू आढळतात. त्यांतील बहुतेक जीवाणू निरोगी माणसास अपायकारक नसतात. मात्र त्यांची रोधकारक जनुके रोगजनक जीवाणूंकडे जाण्याची शक्यता असल्याने हा विषय सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

== उगम ==
पारंपरिक चीजमध्ये दूध, कास, भांडी आणि परिसर यांतील जीवाणू नैसर्गिकरीत्या वाढतात व त्यांच्यामुळेच चीजला विशिष्ट चव येते. कासदाहासारख्या रोगांवर जनावरांना प्रतिजैविके दिल्यास संवेदनशील जीवाणू मरतात आणि रोधक जीवाणू टिकून राहतात. दोहताना ते शेण व कासेच्या त्वचेवरून दुधात येतात.

== प्रमुख जीवाणू ==
दक्षिण युरोपातील शेळी-मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये एंटरोकॉकस प्रजातीचे जीवाणू मोठ्या संख्येने असतात. ते स्वादनिर्मितीस हातभार लावतात. परंतु याच प्रजातीतील काही वाण रुग्णालयांत मूत्रमार्गाचे व हृदयाच्या अंतःस्तराचे संसर्ग घडवितात. टेट्रासायक्लिन व एरिथ्रोमायसिन यांना होणारा रोध त्यांच्यात वारंवार आढळतो.

== जनुकांचे संक्रमण ==
रोध दोन प्रकारचा असतो. अनेक लॅक्टोबॅसिलस जीवाणूंचा व्हँकोमायसिनला असलेला रोध जन्मजात असून तो सहसा इतरांकडे जात नाही. याउलट प्लाझ्मिडवरील संपादित रोध एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो. १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कच्च्या दुधाच्या मऊ चीजमधील लॅक्टोकॉकस लॅक्टिसच्या एका वाणाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या एकाच प्लाझ्मिडवर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरँफेनिकॉल या तिन्हींना रोध देणारी जनुके होती. ही जनुके स्टॅफिलोकॉकस व लिस्टेरिया या जीवाणूंतील जनुकांशी अत्यंत मिळतीजुळती होती.

== नियंत्रण ==
दूध ७२° सेल्सिअसला १५ सेकंद तापवून केलेल्या पाश्चरीकरणाने बहुतेक जीवाणू नष्ट होतात. मात्र त्यासोबत स्वाद देणारे स्थानिक जीवाणूही जातात. अमेरिकेत कच्च्या दुधाचे चीज किमान ६० दिवस मुरविण्याचा नियम आहे. तथापि एंटरोकॉकस मीठ व आम्ल सहन करीत असल्याने केवळ मुरविण्याने ते नाहीसे होत नाहीत. त्यामुळे रोध मुळातच, म्हणजे गोठ्यात, रोखणे आवश्यक ठरते. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास पूर्ण बंदी घातली. विरजण म्हणून वापरावयाच्या वाणांमध्ये संक्रमणक्षम रोधजनुके नाहीत, याची पूर्वतपासणीही केली जाते.